‘ता’ शिरोड्याक ठेवलंय

जवळ सरका बघू. तो मोबाईल ठेवा बाजूला. म्हाताऱ्या पोलीसबाईकडे गोष्ट मागायची आणि लक्ष भलतीकडे, हे बरं नव्हे. तर ती इंजिनाची चोरी माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

मालवणच्या किनाऱ्यावरून एका होडीचं इंजिन चोरीला गेलं. मी ठाण्याची प्रमुख. होडीमालकाचा संशय त्याच्याच तरुण खलाशावर. दोघांचं नुकतंच वाजलं होतं. त्यात खबऱ्याचा फोन आला. तो घेतला आमच्या घाटावरच्या शिपायाने. म्हणाला, “मॅडम, पोरगा फोनवर बोलत होता म्हणे, ते शिरोड्याला मावशीकडे ठेवलंय.”

झालं. पोराला चौकशीला आणलं. “मावशीकडे काय ठेवलंस?” विचारलं की एकच उत्तर.

“इंजिन मी घेवक नाय, मॅडम. बाकीचा माका इचारू नकात.”

जहाजावर नोकरी लागायची होती त्याला. अटक झाली की पोलीस पडताळणीत ती गेलीच. तरी बोलेना. इतका मुका राहतो म्हणजे चोरच, असं मी धरलं. मालकाला सांगून टाकलं, “इंजिन शिरोड्याला आहे.” सकाळच्या हजेरीला सगळ्या स्टाफपुढे जाहीर केलं, “पंच घ्या, झडतीला निघा. मग अटक.”

आमची महिला हवालदार इथलीच. ती म्हणाली, “मॅडम, तो ‘ता’ म्हणालो आसतलो. ता म्हणजे इंजिनच कित्याक? माझ्या घरात माका अजून ताच म्हणतत, पोरांची आवस झालंय तरी.”

सगळे हसले. आपल्याकडे लेकीला ‘ता चेडू’ म्हणतात, आणि शिपायाने त्या ‘ता’चं सरळ ‘ते’ केलं होतं. पण चारचौघांत दिलेला हुकूम मागे कसा घ्यायचा? मी तिला गप्पच करणार होते. तेवढ्यात बाकावरच्या त्या पोराकडे नजर गेली. चेहरा पांढराफटक. स्वतःसाठी माणूस असा घाबरत नाही.

“माझा अंदाज चुकला,” मी म्हटलं. “झडती रद्द.”

दार लोटून त्याला पुन्हा विचारलं. मालकाच्या लेकीशी त्याने रजिस्टर लग्न केलं होतं. बापाला वाटत होतं, ती गोव्याला नोकरीला आहे; होती ती शिरोड्याला, या पोराच्या मावशीकडे. “तेंका कळला तर तेका वढीत घराक न्हेतले,” तो म्हणाला. दोघंही सज्ञान. त्यात पोलिसांचं काही काम नव्हतं.

मग सगळी माणसं मी महामार्गावरच्या गॅरेजांमागे लावली. कसालच्या एका गॅरेजात नंबर घासलेलं इंजिन मिळालं. विकणारा भलताच निघाला.

मालक ठाण्यात आला. “मगे शिरोड्याक काय होता?”

“काय नाय. माका चुकीचा कळला.”

“एवढी मोठी सायबीण, आणि चुकलात?”

“होय. चुकलंय.”

त्याने ते बाजारभर सांगितलं. मी सांगू दिलं. अधिकाऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणतात. अहो, शब्द पडला तर उद्या उचलता येतो. ती दोघं पडली असती तर कोणी उचललं असतं? प्रमुखाने आपलं खरं करण्यापेक्षा खरं काय ते शोधावं, एवढंच मी त्या खुर्चीत शिकले.

आता नुसतं ऐकून उठू नका. सवडीने घरी या. बांगड्याचं तिखलं करते. आणि ‘बघू’ म्हणू नका, लवकर या.