दोरीवरचा परकर

नांदेडच्या आमच्या घरात ती मालिका मीच लावायची, रविवारी सकाळी. गुन्हे शोधणारी बाई पोलीस नव्हती, वकील नव्हती. तिचं इस्त्रीचं दुकान होतं. कपडा हातात घेतला की माणसानं काय केलंय ते तिला कळायचं. पावसाळ्यात सुरू झालेली मालिका दिवाळीच्या आत गुंडाळली. कोणी बघत नव्हतं म्हणे. मी बघत होते.

सासूबाई म्हणायच्या, "मोठी आता पोलिसात जातीय. धुणं भिजवायच्या आधी दहादा उलटंपालटं करून बघती."

धाकटी जाऊ शिरूर अनंतपाळची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तोंडावर कोणी बोलत नसे, पण ओटी भरायला शेजारच्या बायका आता तिलाच आधी बोलवायच्या.

नवरात्रात माहूरला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी दोरीवर तिचा परकर दिसला. मागच्या बाजूनं चोळून चोळून विटलेला, वरून साडी पसरून झाकलेला. त्या इस्त्रीवाल्या बाईनं झाकलेलंच आधी बघितलं असतं. मीही बघितलं. डाग पुरता गेला नव्हता.

आमच्याकडे पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं, देवाला शिवायचं नाही. पण एका घरात दोन सुना असल्या की एकीचे दिवस दुसरीला पाठ असतात. तिचे दोन महिने चुकले होते. हे रक्त पाळीचं नव्हतं. मला दोरीपाशीच कळलं. तिला कळलं नसेल, किंवा सांगायची भीती वाटली असेल.

जीपमध्ये ती माझ्या शेजारी कंबर धरून बसली होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

गडाच्या पायऱ्यांपाशी मी सासूबाईंच्या कानाला लागले. "धाकटीला अडचण आलीय. सकाळी परकर धुतला तिनं."

सासूबाई तिथंच तिच्याकडं वळल्या. "देवीच्या दारापर्यंत आलीस? तोंड शिवलं होतं का गं?"

"आई, तसं न्हाई ओ. पोटात लई दुखून राहिलंय."

"दुखतंय तर घरी ऱ्हायचं. बस तिथं चपलांपाशी. कशाला शिवू नको."

नारळवाल्या बाईनं मला विचारलं, "काय झालं ओ तिला?"

"अडचण हाय," मी म्हणाले. बाईनं आपली टोपली लांब ओढली.

तिचा नवरा म्हणजे माझा दीर खाली मान घालून आमच्यासोबत पायऱ्या चढला. रांग मोठी होती. देवीपुढं मी मूल मागितलं.

खाली आलो तेव्हा ती चपलांच्या ढिगाशेजारी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ऊन सरळ अंगावर. मी हात न लावता वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. प्रसादाचा तांबूल तिला द्यायचा नव्हता. दिरानं तिला उठवायला हात धरला, तेव्हा त्याला साडी दिसली.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसरा महिना होता. सकाळपासून कोणाला दिसलं नाही का, असं त्यांनी विचारलं. दीर माझ्याकडं वळला. "वहिनी, तुमाला काही बोलली होती का ही?"

"न्हाई," मी म्हणाले. खरंच होतं ते. ती काही बोलली नव्हती.

तिला पुढं मूल झालं नाही. मला दुसऱ्याच वर्षी मुलगी झाली.

जाऊ आणि दीर आता लातूरला असतात. मुलगी क्लाससाठी त्यांच्याकडेच आहे. जाऊ तिला डबा करून देते, केस विंचरून देते. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे, त्यांनीच तेव्हा ओळखलं, असं ती आजवर धरून आहे. माझ्याबद्दल सगळ्यांना सांगते, त्या दिवशी अक्कानंच तेवढं पाणी पाजलं.

काल फोनवर म्हणाली, "अक्का, तुम्ही घोर करू नका. पोरगी माझीच हाय की."

"हाव," मी म्हणाले, "तुझीच हाय."