आतला हात

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. केरीच्या किनाऱ्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमची शिडाची होडी शिवायला बसले आणि त्यांच्या बोटांतून सुंभ सुटला. तिथून सगळं सुरू झालं. पण या होडीचे किस्से इतके साठलेत की आधीचे सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

मी इब्रामपूरची, भातशेतीतली. नवीन आले तेव्हा मामंजींना विचारलं, "होडीला खिळे कसे नाहीत?"

"खिळे दाराक मारतात बाये. होडी शिंवतात."

दर पावसाळ्यात टाके उसवायचे, श्रावणात फळ्या पुन्हा काथ्याच्या सुंभाने शिवायच्या. एक माणूस आत, एक बाहेर. बाईमाणूस मात्र होडीत चढत नाही.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळायचा होता, तेव्हा भाषेवरून घराघरांत वाद. आमच्या होडीत दोघे कोकणीवाले, दोघे मराठीवाले. भर दर्यात जुंपली. मामंजी म्हणाले, "झगडा रे, पूण वल्हीं एका भाशेंत मारा."

मग आमच्या ह्यांना इंजिनाचं वेड लागलं. म्हापशाहून मेकॅनिक आणला. इंजीन सुरू झालं, होडी थरथरली आणि टाक्याटाक्यातून पाणी. मेकॅनिक घाबरला, "लीक कुठून आहे?"

मामंजी पाणी उपसत म्हणाले, "खंयसून ना, तें सांग."

एकदा पदेर, आमचा पाववाला, भट्टीसाठी लाकूड बघायला आला. "फळ्यो सुक्यो आसात?"

मामंजी म्हणाले, "जल्मभर दर्यांत आसा. तूंच विचार तिका."

यंदा मात्र ह्यांनी सांगून टाकलं, "बाबांचा हात चालत नाही. होडी शिवून झाली नाही तर फळ्या पदेराला, आणि मी ट्रॉलरवर." ट्रॉलर म्हणजे आठवडा आठवडा माणसाचा पत्ता नाही. होडीवरचा संध्याकाळी जेवायला तरी घरी असतो. रेडिओवर वाऱ्याचं नाव निघालं तरी माझा भात करपतो, मग ट्रॉलरचं काय?

तर त्या सकाळी होडीत आत बसलेल्या मामंजींच्या हातून सुंभ सुटला. हे पलीकडे बाहेरून टोक आत सारत होते, आतलं त्यांना दिसत नव्हतं. मामंजी हळूच खाली उतरले, माझ्या कडेवरचं पोर घेतलं आणि होडीकडे बोट दाखवलं.

मी पदर खोचला आणि चढले.

बाहेरून आवाज, "ओड बाबा."

मी फळीला पाय लावून ओढलं. हाताचे तळवे सोलले.

जरा वेळाने हे म्हणाले, "बाबा, आयज तुका बरोच जोर आयला मरे."

कुणाची होडी शिवायची राहिली असेल, तर त्या घरच्या सुनेला माझा निरोप द्या: आत बसल्यावर बोलायचं नाही.