साडभाऊंनी परत घेतलेली माफी

जगात जेवढी म्हणून लाज आहे तिच्यातली निम्मी देवानं सगळ्या माणसांत वाटली आणि उरलेली निम्मी आमच्या थोरल्या साडभाऊंच्या पदरात टाकली, असं माझं प्रामाणिक मत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा बुशशर्ट आणि कडक इस्त्री. स्वतः त्यांनी कधी कुणाचं वाकडं केलं नाही, पण दुसऱ्याच्या चुकीची लाज त्यांना वाटायची, आणि वाटली की ते तिथल्या तिथे हात जोडून माफी मागायचे. तेव्हा आमच्याकडे छोट्या लाइनीची, म्हणजे नॅरोगेज, गाडी होती आणि ती मनाला येईल तेव्हा यायची. पाहुण्यांना घ्यायला साडभाऊ स्टेशनवर गेले की उतरणाऱ्या परक्या माणसांनाही म्हणत, "माफ करजा, लय उशीर झाला." जसं काही इंजिन यांनीच हाकलं होतं. एकदा बाजारात एका ऑटोनं त्यांना धक्का दिला, कोपर सोलवटलं, तर हेच ऑटोवाल्याला म्हणाले, "सॉरी भैया, मैं बीच में आ गया।" ऑटोवाल्यानंही "कोई बात नहीं" म्हणून उदारपणे सोडून दिलं.

त्या दिवसांत दिवे रोज जायचे. दिवे गेले की साडभाऊ फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याची समजूत घालत. शेजारी नवीन आलेल्या एका गृहस्थांना वाटलं, हे विजेच्या ऑफिसातले असावेत. त्यांनी चांगला दोन पानी तक्रारअर्ज लिहून यांच्या हातात दिला. "मी नाही तो" असं सांगायची साडभाऊंना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उन्हातून विजेच्या ऑफिसात गेले, अर्ज देऊन आले, वर तिथल्या बाबूची माफी मागून आले. आणि परसवाड्याच्या एका लग्नात पंगतीत वरण संपलं तेव्हा तर कमाल झाली. लग्न दुसऱ्यांचं, हे आपले पाहुणे. पण पंगतीत हात जोडत असे फिरले की एका म्हाताऱ्यानं यांनाच मुलीचा बाप समजून आहेराचं पाकीट हातात कोंबलं. मग ते पाकीट घेऊन खऱ्या बापाला शोधत मांडवभर हिंडताना त्यांचा चेहरा पाकीटमारापेक्षाही अपराधी झाला होता. हा किस्सा मी कितीतरी वर्षं चवीनं सांगत असे.

पुढचा किस्सा मात्र मला तसा सांगता येत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मंजू पुण्याला नोकरीला होती. तिनं तिथे ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, फक्त आपल्या जातीतला नव्हता. साडभाऊ ओरडले नाहीत, रडले नाहीत. त्यांनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला आणि एका रविवारी नातेवाइकांच्या घरोघरी जाऊन हात जोडले, "आमच्या पोरीनं असं केलं, माफ करजा." गाडी उशिरा यावी, वरण संपावं, तशी त्यांनी मुलीच्या लग्नाची गावभर माफी मागितली. मंजूला हे कुणीतरी कळवलंच. बाप लग्नाला आला नाही हे तिनं सोसलं असतं, पण आपल्या सुखाबद्दल बाप दारोदार हात जोडत फिरला हे तिला सोसवलं नाही. त्यानंतर ती आईशी फोनवर बोलायची, आणि साडभाऊंनी फोन उचलला की दोन्हीकडे शांतता.

वर्षभरानं तिनं ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर आईसाठी पाठवला. ती ईमेल करी, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि ताईंना, म्हणजे मंजूच्या आईला, पडद्यावरचं वाचता येत नसल्यामुळे साडभाऊंनाच ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागे. घरी काय रांधलं, जावयाला ताप आला होता, बाल्कनीत तुळस लावली. "आईला सांगा" इतकाच काय तो त्यांच्या वाट्याचा मजकूर. ताई विचारत, "उत्तर देल्लं काय?" ते म्हणत, "देऊ." असे कितीतरी महिने गेले.

मी भरवेलीच्या खाणीच्या ऑफिसात असाच कॉम्प्युटर वापरत असे, म्हणून एक दिवस ताईंनी मला बोलावून घेतलं. "भाऊजी, तुमीच विचारा याहीले. पोरीले उत्तर काहून नाही देत? मले तं सांगतच नाहीत." साडभाऊ खाली मान घालून बसले होते. ताई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा हळूच म्हणाले, "तिनं बंद केलं."

"काय बंद केलं?"

"उत्तर द्याचं. मशीन बसवून देणाऱ्यानं मले दाखवलं होतं. वरच्या यादीत रिप्लाय होतं. मी रोज पाहत होतो, पण हिंमत नाही झाली. मंग दिवाळीले ठरवलं, आज लिहितो. पाह्यलं तं रिप्लायच नाही. तिनं तिकडून काढून घेतलं." आणि वर म्हणाले, "बरोबरच केलं तिनं. मी असतो तं मीही काढलं असतं."

मला हसू आलं आणि तोंडातच राहिलं. दिवाळीपासून तीन महिने हा माणूस रोज मुलीची पत्रं वाचत होता आणि रोज समजत होता की तिनं आपल्या तोंडावर दार लावलं आहे. वर त्यात त्याची काही तक्रारही नव्हती. मी म्हटलं, "अहो, मग नवीन पत्र लिहायचं!" तर म्हणाले, "तिनं नाही म्हटल्यावर जबरदस्ती कशी कराची?"

मी खुर्ची ओढली. वरची चित्रांची बटणं त्यांनी पहिल्याच दिवशी घाबरून बंद करवली होती, आणि उरलेल्या यादीची त्या प्रोग्रॅमला एक खोड होती: जी गोष्ट बरेच दिवस कुणी वापरत नाही ती तो नजरेआड करतो. यादीच्या तळाशी दोन बारीक बाण होते. ते दाबले आणि यादी उलगडली. मधोमध रिप्लाय जसंच्या तसं. पुन्हा लपू नये म्हणून पूर्ण यादी नेहमी दिसेल अशी सोय करून दिली आणि सांगितलं, "मंजूनं काही केलेलं नाही. तुम्ही वापरलं नाही म्हणून ते आत गेलं होतं."

"मी वापरलं नाही म्हून?"

"हो."

त्यांनी एकदा स्वतः यादी उघडून रिप्लाय पाहून घेतलं. मग म्हणाले, "तुमी बाहेर बसा जराशे. मले लाज वाटते." मी आणि ताई अंगणात चहा घेत बसलो. आतून एका बोटानं टाइप केल्याचा टक टक आवाज येत होता, मधेच थांबत होता. ताई पदरानं कप पुसत राहिल्या, जो कधीच पुसून झाला होता.

मंजूचं उत्तर दोन दिवसांनी आलं. साडभाऊंनी ते ताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ताईंनी आम्हाला सांगितलं: "बाबा, मला लिहिलंत ते पोचलं. पण तेव्हाची माफी तुम्ही माझ्याजवळ नव्हती मागितली, गावाजवळ मागितली होती."

पुढच्या रविवारी साडभाऊंनी पुन्हा इस्त्रीचा बुशशर्ट घातला. ज्या ज्या घरी ते गेले होते त्या त्या घरी गेले. आमच्याकडे आले तेव्हा दुपार झाली होती, कपाळावर घाम होता. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. "मागं मी पोरीच्या लग्नाची माफी मागून गेलतो," ते म्हणाले, "ते चुकलं. तिनं काही वाईट नाही केलं. ती माफी मी वापस घेऊन राह्यलो."

आणि मला आठवलं, त्या रविवारी ते याच दारात उभे होते तेव्हा मी काय म्हटलं होतं. "जाऊ द्या, होतं असं," म्हटलं होतं. खांद्यावर हात ठेवून, मोठ्या मनानं माफ केलं होतं मी त्यांना. माझी बायकोही मागे उभी राहून मान हलवत होती. घराघरांत असंच झालं असणार. एकाही घरात कुणी म्हटलं नव्हतं की बाबा रे, ही माफी कशाची?

मान वर करवेना. मी हात जोडले आणि म्हणालो, "चूक आमची झाली, साडभाऊ."

सवयीनं त्यांचे हात लगेच पुढे आले. "अरे, तुमी काहून, माझंच..." इतकं म्हणून ते थांबले. मग त्यांनी हात हळूहळू खाली घेतले आणि, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, समोरच्याला माफी मागू दिली.