हातगाडी जाईल एवढी फट

लफ्ता हमालाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. सरकारचा दहाला, तेही वीज असली तर.

उठला की तो आधी कमरेला जुन्या चादरीची पट्टी आवळायचा. पट्टी सैल राहिली तर दुपारी कंबर सांगते, जास्त आवळली तर चढावर श्वास सांगतो. मग शिळी रोटी गोड चहात बुडवून खायची आणि हातगाडीच्या आसाला वंगण चोळायचं. एवढं झाल्यावर तो बगदादच्या शोर्जा बाजारातल्या गोदामाकडे निघायचा. पिठाची पोती तो स्वतः रचायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. वजन आसावर बरोबर बसलं पाहिजे. चुकलं तर दांडी दिवसभर खांद्याशी भांडत राहते.

ही पोती पिंजाऱ्यांच्या गल्लीतून पलीकडच्या रोटीच्या भट्ट्यांवर जायची. गल्ली सरळ, सावलीची आणि सपाट होती. हमालाला याहून जास्त काही लागत नाही. सारं आयुष्य तो त्या गल्लीतून गेला. राजवटी आल्या आणि गेल्या, गल्लीत कुणी हात घातला नव्हता.

त्या उन्हाळ्यात हंगामी सरकार आलं. परक्या फौजेनं सत्ता त्यांच्या हाती सोपवली, तीही ठरल्या दिवसाच्या आधी, घाईघाईनं, चोरीचा माल खपवावा तशी. गल्लीच्या तोंडाशी एका व्यापाऱ्याची जुनी हवेली होती, तिथे एक उपमंत्री बसू लागले. आणि उपमंत्र्यांच्या जिवाला जपायचं म्हणून परक्यांनी गल्लीच्या तोंडावर काँक्रीटच्या उंच पाट्या उभ्या केल्या. मधे एक फट ठेवली. सडपातळ माणूस अंग तिरकं करून जायचा. जाड माणसाला पोट आत घ्यावं लागायचं. हातगाडी जात नव्हती.

लफ्ता आता पुलाकडून वळसा घालू लागला. चढ, ऊन, खड्डे आणि वाटेत तपासणीची चौकी. चौकीवर प्रत्येक पोत्यात सळई खुपसायचे, मग भोकातून पीठ गळायचं आणि भट्टीवाला ओरडायचा. खेपा निम्म्या झाल्या. मजुरी खेपेवर असल्यामुळे तीही निम्मी झाली. तेवढ्यावर भागलं असतं, पण भट्टीवाले आता एक छोटा टेम्पो ठरवायचं बोलू लागले होते. टेम्पो आला की लफ्ता संपला. त्याच्या वयाच्या हमालाला बाजारात कुणी नवा रस्ता देत नाही.

फटीच्या शेजारी हन्नूनची चहाची टपरी होती. अडलेले लोक तिथेच बसत, त्यामुळे हन्नूनचा या सरकारवर पूर्ण विश्वास होता.

"आता आपलं सरकार आहे, अबू नईम," तो म्हणायचा. नईम हा लफ्ताचा थोरला मुलगा, म्हणून गल्ली त्याला अबू नईम म्हणायची. "रेडिओवर सांगितलं. सत्ता सोपवली."

"कुणी सोपवली?"

"त्यांनी."

"कुणाला?"

"यांना."

"आणि यांना नेमलं कुणी?"

हन्नूननं थोडा विचार केला. "चहा थंड होतोय तुझा."

घरी बायकोचं, फखरियाचं, मत आणखी स्पष्ट होतं. "घर तुमच्या नावावर केलं म्हणायचं आणि स्वतः पलंगावरून हलायचं नाही. वर तुमच्याच दारात दगड उभा करायचा. असला घरमालक मी उलथन्यानं हाकलला असता."

तोडगा काढला हाजी मुहैबिसनं. हाजी मसाल्याचा व्यापारी आणि गल्लीतला वडीलधारा, लोकांची भांडणं मिटवणारा. तो म्हणाला, "डॉक्टर नाजिह उपमंत्री असतील, पण बाप दक्षिणेत अमाराकडचा मोठा शेख होता. वीस वर्षं लंडनला राहिले म्हणून रक्त बदलत नाही. गुरुवारी ते लोकांना भेटतात. कॉफी देतात. आपण ती प्यायची नाही."

एवढं पुरेसं होतं. आपल्याकडे मागणं घेऊन गेलेला पाहुणा कॉफीचा पेला हातात घेतो आणि न पिता खाली ठेवतो. यजमानानं "पी, तुझं काम झालं" म्हटलं की प्यायची. म्हटलं की शब्द दिला. मग घर विकावं लागलं तरी काम करायचं. आणि नाहीच म्हटलं, पाहुणा न पिता उठला, तर त्या घराची बदनामी नदीच्या काठाकाठानं बसऱ्यापर्यंत जाते.

गुरुवारी हाजी, लफ्ता आणि गल्लीतले दोघे-चौघे फटीतून अंग तिरकं करून हवेलीत गेले. डॉक्टर नाजिह मधल्या कोचावर होते. बारीक, दमलेला माणूस, कोट अंगावर मोठा. त्यांच्या उजव्या हाताला परक्यांचा सल्लागार बसला होता. त्याचं नाव काहीतरी होतं, गल्ली त्याला तांबड्या म्हणायची. उन्हानं त्याचं नाक सोललं होतं. त्याच्याशेजारी दुभाषा.

कॉफी आली. मागणं लफ्ताचं, म्हणून पेला त्यानं घेतला आणि सतरंजीवर ठेवला. खोलीतली कुजबुज थांबली. डॉक्टर नाजिहांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना लगेच समजलं. लंडनमध्ये राहून माणूस बरंच विसरतो, हे विसरत नाही.

"काय हवंय, काका?" ते हळूच म्हणाले.

"बाहेरची एक पाटी सरकवून हवी, शेखसाहेब. काढू नका. हातगाडी जाईल एवढी सरकवा."

डॉक्टर नाजिहांनी मान उजवीकडे वळवली. फार नाही, पण सगळ्यांनी पाहिली. दुभाषा तांबड्याच्या कानाला लागला. तांबड्याला देशोदेशीचे रीतिरिवाज शिकवून पाठवलं होतं. पाहुणा कॉफी पीत नाही म्हणजे तो लाजतोय, असं त्यानं धरलं. तो तोंडभर हसला, लफ्ताकडे हात केला आणि आपल्या मोडक्या अरबीत म्हणाला, "पी! पी!"

कुणीतरी खोकलं. हाजी मुहैबिसनं जपमाळ मुठीत दाबली.

लफ्ता पेल्याकडे बघत राहिला. तांबड्याच्या सांगण्यावरून प्यायची तर शब्द मिळाला, पण मग कोचावर मधोमध बसलेला माणूस आपल्यासारखाच पाहुणा ठरला. नाही प्यायची तर पाटी तिथेच आणि टेम्पो येणार. त्याला पाटी हवी होती. तरी हात पुढे जाईना.

"शेखसाहेब," तो म्हणाला, "मी अडाणी माणूस. एवढंच सांगा. या घरचा मालक कोण? त्यानं म्हटलं की पितो."

"अबू नईम!" हाजीनं दबल्या आवाजात दटावलं.

"विचारलं फक्त."

दुभाषानं याचं भाषांतर केलं नाही. त्याला नोकरी प्यारी होती. डॉक्टर नाजिहांचे कान लाल झाले. त्यांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, पंखा बंद होता. मग एकदम, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, "माझ्या बापाच्या नावानं सांगतो. पी. तुझं काम झालं."

लफ्ता प्यायला. थंड झाली होती, पण त्यानं तक्रार केली नाही.

गल्लीनं त्या संध्याकाळी जल्लोष केला. हन्नूननं फुकट चहा दिला, म्हणजे पहिला पेला फुकट. "बघा! सल्लागाराला न विचारता बोलले! स्वतंत्र सरकार!"

पाटी हलली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. उपमंत्री मागच्या दारानं येऊ-जाऊ लागले. भट्टीवाल्यांनी टेम्पोवाल्याला बोलावणं धाडलं.

मग लफ्ता मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. डॉक्टर नाजिह गाडीतून उतरले, त्याला पाहून थबकले, पण टाळलं नाही.

"मी सांगितलं त्यांना," ते म्हणाले. "तीनदा सांगितलं. पाट्या त्यांच्या. म्हणतात, तुमच्याच सुरक्षेसाठी आहेत. मी म्हटलं, मग माझं ऐका. म्हणाले, ऐकतोय की. ऐकतात, काका. फार छान ऐकतात. मान हलवतात."

"मग सत्ता सोपवली म्हणजे नक्की काय सोपवलं, शेखसाहेब?"

"खुर्ची, टेबल," डॉक्टर नाजिह म्हणाले. "आणि रोजच्या शिव्या." ते आत गेले. लफ्ताला पहिल्यांदाच त्या माणसाची कीव आली. कोट खरंच फार मोठा होता.

पाट्या उभारणारा क्रेनवाला हन्नूनकडेच चहा प्यायचा. शेर्को नाव, अर्बीलकडचा कुर्द. कंत्राटदाराच्या कंत्राटदाराच्या हाताखाली रोज शहरभर पाट्या लावायचा आणि काढायचा.

"हुकूम कुणाचा?" शेर्कोनं विचारलं.

"उपमंत्र्यांचा."

"कागद?"

"कागद नाही. कॉफी."

शेर्कोनं पेला खाली ठेवला. "कॉफीवर दिलाय? मग पक्का. कागद रोज बदलतात." त्यानं पेला परत उचलला. "पण अबू नईम, क्रेन कॉफीवर चालत नाही. डिझेल लागतं. माझ्या मुकादमाचं तोंड आहे, ते भरावं लागतं. माझंही आहे."

त्यानं आकडा सांगितला. लफ्ता घरी आला आणि फखरियाला डबा मागितला. त्यात दोन वर्षांच्या मजुरीतून बाजूला काढलेले पैसे होते, कुलर घ्यायचे. बगदादच्या उन्हाळ्यात कुलर ही चैन नव्हे.

फखरियानं डबा पुढ्यात आपटला. "घ्या. कुलर घेऊन तरी काय करणार होतो? वीज या सरकारसारखीच. आली आली म्हणतात, दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्यांसमोर, शेर्कोनं क्रेन गल्लीच्या तोंडाशी लावली. अशी कामं चोरून करायची नसतात, चोरून केली की लोक विचारतात. पाटीच्या डोक्यावरच्या दोन कड्यांत साखळ्या अडकवल्या. लफ्तानं तळाशी पहार घातली. क्रेननं पाटी जेमतेम वीतभर उचलली. त्याहून वर घेतली असती तर ती झुलली असती, आणि झुलणारी पाटी कुणाचं ऐकत नाही. लफ्तानं पहारीवर सगळं अंग टाकून तिला सरळ धरलं. मान फुगली, पाय सरकले, पट्टीतून घाम ठिबकला. पाटी हातभर सरकली आणि बसली. जमीन हलली तशी हन्नूनची काचेची भांडी वाजली.

हवेलीचा पहारेकरी धावत आला. "कुणी सांगितलं?"

"वरून हुकूम आहे," शेर्को म्हणाला.

वर कोण, हे पहारेकऱ्यानं विचारलं नाही. ते विचारायची त्या वर्षी पद्धत नव्हती. कोपऱ्यावरच्या परक्या शिपायानं आपल्याच कंत्राटदाराची क्रेन ओळखली आणि अंगठा दाखवला.

तांबड्यानं खिडकीतून पाहिलं आणि उपमंत्र्यांना विचारलं म्हणे, हे तुम्ही केलंत? खोलीत चहा देणाऱ्या पोऱ्यानं सांगितलं की डॉक्टर नाजिहांनी आधी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "हो. मी केलं."

संध्याकाळी ते पुढच्या दारानं बाहेर आले. लफ्ता भरलेली गाडी घेऊन फटीतून येत होता. दोन्ही बाजूंना बोट घालायला जागा उरत होती, जास्त नाही.

"किती लागले?" डॉक्टर नाजिहांनी विचारलं.

"शब्द तुमचा होता, शेखसाहेब."

"शब्द माझा. पैसे तुमचे."

"असू दे. तुमचं सरकार हंगामी आहे. कायमचं येईल तेव्हा मागेन." लफ्तानं दांडी खांद्यावर घेतली. "जरा बाजूला व्हा. वजन अंगावर असताना मला थांबता येत नाही."

उपमंत्री बाजूला झाले.

टेम्पोवाल्याला भट्टीवाल्यांनी परत पाठवलं. कुलर काही आला नाही. त्या उन्हाळ्यात फखरिया ओली चादर अंगावर घेऊन गच्चीवर झोपली आणि शेजारणींनी विचारलं, की पैसे साठवले होतेत त्याचं काय घेतलंत, तर ती म्हणायची, "सरकारचा शब्द घेतला, बायांनो. रोख दिले. वारा येत नाही त्याचा, पण गाडी जाते."