गरज नसलेला दुभाषी

माझ्या बायकोच्या मामांइतका तयारीचा दुभाषी कृष्णेपासून मलप्रभेपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि ज्याची कोणालाही गरज नाही असा दुभाषीही त्यांच्याशिवाय दुसरा नसेल. आमच्याकडे मंडईत कन्नडमध्ये वांग्यांचा भाव करणारा माणूस त्याच दमात शेजारच्याशी मराठीत गप्पा मारतो. सभेला बसलेल्या शंभर जणांपैकी नव्वदांना दोन्ही भाषा येतात. तरीही बेळगाव-निपाणी भागात इतिहासावर, देवळांवर, जुन्या पेठांवर कुठलाही कार्यक्रम असो, वक्त्याच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, मामा उभे असायचेच. लोक भाषण एकदा रीत म्हणून ऐकत आणि दुसऱ्यांदा मामांच्या तोंडून मजा म्हणून.

मामा मूळचे बेळगुंदीचे, शेतकरी घरातले. तरुणपणी बेळगावात कोर्टात चिकटले आणि तीसेक वर्षं साक्षीदारांचं मराठी साहेबांना कन्नडमध्ये सांगत राहिले. तिथे काना-मात्रा हलवायची सोय नव्हती. साक्षीदाराने शिवी हासडली, तर ती मामांनाही अदबीने हासडावी लागे. निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे बाजूला ठेवून मला म्हणाले, "आजवर माणसं बोलली तेच सांगिटलं, जावईबापू. आता त्यांनी काय बोलाय पायजे हुतं ते सांगतो."

आणि त्यांनी तसंच केलं. पिरनवाडीजवळ एका पडक्या देवळावर बेंगळुरूचे एक विद्वान पाऊण तास बोलले. मामांनी रुमालाने माइक पुसला आणि सांगितलं, "सायेब म्हंत्यात, देऊळ लई जुनं हाय, आन् आपण ते झाडलं न्हाय म्हणून आणिकच जुनं दिसतंय." लोक खो खो हसले आणि पुढच्या रविवारी झाडू घेऊन हजर झाले. त्या विद्वानांना अजूनही तो आपल्या भाषणाचा परिणाम वाटतो. एकदा एक मराठी वक्ते सीमाप्रश्नावर असे तापले, की व्यासपीठावरच्या कन्नड पाहुण्यांनी खुर्ची मागे सरकवली. मामांनी त्याचं कन्नडमध्ये असं काही रूपांतर केलं, की त्यात ज्वारीची भाकरी, एका विहिरीचं पाणी आणि शेजारधर्म तेवढा उरला. पाहुण्यांनी उठून त्या वक्त्यांना मिठीच मारली. सभागृहातल्या प्रत्येकाला खरं काय ते ठाऊक होतं, पण कोणी अवाक्षर काढलं नाही. घरीही तोच प्रकार. मामी कन्नड शेजारणीवर अस्सल मराठीत कडाडल्या, की मामा मध्ये पडून ते लोणच्याच्या चौकशीवर नेऊन ठेवत. ती शेजारीण मराठी शाळेत शिकलेली आहे.

मग बोरगावचा कार्यक्रम आला. बेंगळुरूची एक मंडळी राज्यभर गावोगावी जाऊन लोकांच्याच तोंडून त्या त्या गावाचा इतिहास ऐकत होती आणि त्याचं पुस्तक काढणार होती. बोरगावात विषय होता जुन्या तंबाखूच्या वखारींचा. मंडप, चहा, खुर्च्या ही सगळी सोय एका वखारमालकाच्या मुलाने केली होती. तो मुलगाही आता सत्तरीचा, आणि मामांचा कॉलेजपासूनचा जिवलग मित्र. दोघे वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलेले. मित्राने सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं, की आमची वखार म्हणजे एक कुटुंब होतं. पुढ्यात टेप चालू होता. पाहुण्यांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं, म्हणजे मामांची खरोखरची गरज अशी कोर्ट सुटल्यापासून पहिल्यांदाच पडली होती. मामा सांगतील तेच पुस्तकात जाणार होतं.

बौद्ध वस्तीतल्या एक आजी उठल्या. ऐंशीच्या घरातल्या, उभा जन्म त्याच वखारीत तंबाखू चाळण्यात गेलेला. त्यांची वकील झालेली नात त्यांना धरून उभी होती. आजी सावकाश बोलल्या, "कुटुंब हुतं म्हंत्यात. असंल. त्या कुटुंबात आमाला माठाला शिवू देत न्हवतं. धुळीनं घसा जळायचा, आन् पाणी वतणारं माणूस येस्तवर आमी वंजळ धरून बसायचं."

मामांनी माइक पुसला, मग परत पुसला. पहिल्या रांगेतला मित्र त्यांच्याकडेच बघत होता. मला दिसत होतं, की मामांच्या मनात गोड वाक्य जुळून येतंय, पाण्याची जरा टंचाई होती वगैरे. आजींनाही ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "मलाबी कन्नड येतंय, आण्णा. हाय तसंच सांगा."

मामांनी तसंच सांगितलं. एरवी ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'अंते' लावत, म्हणजे आपल्या मराठीतलं 'म्हणे', बोलणाऱ्याचं बोलणाऱ्यापाशी ठेवणारं. त्या दिवशी 'अंते' आलं नाही. कोर्टात सांगत तसं ते 'मी' म्हणून बोलले. मला माठाला शिवू देत नव्हते, मी ओंजळ धरून बसायची. कन्नड ओळी संपेपर्यंत आजी मान डोलावत राहिल्या आणि मगच खाली बसल्या. त्या क्षणी मला मामांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्यांच्या कुठल्याही विनोदाने वाटला नव्हता. परतताना माझ्या मोटरसायकलवर मागे बसून त्यांनी एवढंच विचारलं, शब्द कुठे इकडचा तिकडे झाला का. नाही झाला, म्हणालो.

आठवड्याने मित्राचा फोन आला. जरा सांभाळून घ्यायचं होतंस, असं तो म्हणाला. मामा म्हणाले, "पन्नास वर्सं तुलाच सांभाळून घेतलं की रं." तिकडून फोन ठेवला गेला. पुस्तक निघालं, आजींचं बोलणं त्यात जसंच्या तसं आलं. मामांनी त्यानंतर माइक हातात घेतलेला नाही. बोलावणी येतात, ते गुडघेदुखी सांगतात. आता आम्ही भाषणं एकदाच ऐकतो आणि घरी येतो. मला करमत नाही.

गेल्या महिन्यात त्या मित्राच्या नातीच्या लग्नाची पत्रिका मामांना टपालाने आली. त्या घरच्या पत्रिकांची दोन्ही भाषांतली वाक्यं आजवर मामाच लिहून देत. या वेळी ती दुसऱ्या कोणी तरी लिहिली होती. कन्नड बाजूला लिहिलंय, अगत्य यावे. मराठी बाजूला छापलंय, 'आपली अनुपस्थिती प्रार्थनीय'. ही चूक छापखान्याची की मित्राची, हे मामांना ठरवता येईना. त्यांनी मला फोन करून विचारलं, तुमच्या पत्रिकेत काय आहे? मला पत्रिका आलीच नव्हती. मामी रोज विचारतात, जायचं का? मामा मराठीत "न्हाय" म्हणतात आणि कन्नडमध्ये "नोडोण", म्हणजे बघूया. सदरा मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने इस्त्री करून ठेवलाय.