फणसाचा पाट

वृद्धाश्रमात येताना कोण काय घेऊन येईल, सांगता येत नाही. मी जन्मभर शाळेत पोरं हाकली, लग्न केलं नाही, तेव्हा माझी आली ती कपड्यांची ट्रंक आणि रेडिओ. माझ्या खोलीतल्या वहिनींनी गणपतीचा पाट आणला होता. फणसाचा, जड, तेल पाजून काळा झालेला. तो कॉटखाली सरकवून त्या मला म्हणाल्या, "बाई, याला पाय लावू नका हं." मला रागच आला. मी काय कोणाच्या देवाच्या पाटाला पाय लावत सुटले होते?

रत्नागिरीला रेल्वे नुकती सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

वहिनी माहेरच्या सावर्ड्याच्या, दिलेल्या रत्नागिरीजवळच्या एका वाडीत. नवरा मुंबईला गोदीत. घरी यायचा शिमग्याला आणि गणपतीला, म्हणजे संसार काय तो दोन सणांचा. बाकी सासूसासऱ्यांची आजारपणं, भात, आंब्याची चार कलमं, मुलाची शाळा, सगळं यांच्या अंगावर. पण 'गणपतीला येतील' यावर त्यांनी वर्षं काढली. नवरा गेल्यावर डोंबिवलीचा मुलगा गणपतीला येऊ लागला. मग त्या पडवीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं आणि मुलाने 'पाय बरा होईपर्यंत' म्हणून त्यांना इथे आणून ठेवलं.

पाय बरा झाला. काठी घेऊन त्या जिनासुद्धा उतरू लागल्या. आषाढात मुलाचा फोन आला, यंदा घर बंदच ठेवू, गणपती इकडे डोंबिवलीलाच आणतो. वहिनी फोनवर "बरं" म्हणाल्या आणि खोलीत येऊन पाट पुसायला बसल्या.

आमच्याकडे घरचा पाट गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर घडते. अशी मूर्ती कारखान्यात टाकून द्यायची कोणाची छाती होत नाही. "एकदा गणपती पाटावर बसला की मुलगा येणारच, बाई," वहिनी म्हणाल्या. "आणि घर उघडलं की मला न्यावंच लागेल. नैवेद्य कोण करणार?"

मी म्हटलं, तुमचं डोकं फिरलंय. आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून पाट घेऊन गेले ती मीच. मूर्ती रंगायला आली तेव्हा बूथवरून मुलाला फोनही मीच केला. "कोणाला विचारून केलंत हे?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आता काय, यावंच लागेल."

हरतालिकेला वहिनींनी पिशवी भरली. चतुर्थीला पहाटे आंघोळ करून, नवं लुगडं नेसून दाराशी बसल्या. दुपारी जेवल्या नाहीत. "गाडी लेट असेल हो. पावसात दरड आली असेल," म्हणाल्या. मी रेडिओ लावला. दरडीची बातमी नव्हती. मी तो बंद केला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर पाट आणि मोदकांचा डबा घेऊन वर आले. मुलगा खाली देऊन गेला होता, त्याला गाडी पकडायची होती. दीड दिवसाचा गणपती केला म्हणे. पुढच्या वर्षीपासून तो डोंबिवलीलाच बसणार, तसं देवापुढे गाऱ्हाणं घातलंय, पाट आता आईकडेच राहू दे.

माझं डोकं सणकलं. देवाची परवानगी काढायला याला वेळ होता, आईसाठी एक जिना चढवला नाही मेल्याला. मी खिडकीशी धावले, पण रिक्षा केव्हाच गेली होती.

पाट ओलाच होता. विसर्जन झालं की पाटावरून मूठभर वाळू परत आणतात, तीही तशीच होती. वहिनींनी ती चिमटीत घेऊन पाहिली. "आमच्याच वहाळाची," त्या म्हणाल्या. "म्हणजे घर उघडलं होतं."

मग त्यांनी डबा उघडून एक मोदक मोडला. पारी पातळ, कळ्या एकसारख्या. "सुनेने छान केलेत," म्हणाल्या. "माझ्यावाचून काही अडलं नाही." मला दोन दिले. स्वतः खाल्ला नाही.

त्यानंतर घराचा विषय त्यांनी काढला नाही. थंडीत आमच्या खोलीची लादी फार गार पडायची. वहिनी कॉटवर बसून तो पाट पुढे ओढायच्या आणि त्याच्यावर पाय ठेवायच्या.