पोईची रिकामी वाटी

मला पोई अतिशय आवडते, अशी हवाईतल्या एका अख्ख्या कुटुंबाची खात्री आहे.

पोई म्हणजे अळूच्या कंदांची लापशी. अळू म्हटलं की मराठी माणूस पाट मांडायला धावतो, पण जरा थांबा! या अळूत चिंच नाही, गूळ नाही, शेंगदाणे नाहीत आणि फोडणीशी तर त्याची तोंडओळखही नाही. कंद उकडायचे, कुटायचे, पाणी घालून मऊसूत करायचे, की झाली पोई. रंग करडा, त्यात जांभळी झाक. ताजी असेल तर चव शोधावी लागते. एक-दोन दिवस ठेवली की ती आंबते, आणि मग चवच आपल्याला शोधत येते.

पण चूक पोईची नव्हती, आमच्या घरच्या कायद्याची होती. 'पानात टाकायचं नाही' हा तो कायदा. माझ्या वडिलांनी तो मला लावला आणि मी तो समुद्रापार फ्रीमाँटला आणून आमच्या सोनलला लावला. त्याला एक पोटकलमही होतं. नावडतं असेल ते आधी संपवून टाकायचं, म्हणजे आवडतं ते शेवटी निवांत खाता येतं. या पोटकलमाच्या बळावर मी लहानपणी मणभर पडवळ रिचवलं आहे.

सोनल फ्रीमाँटमध्येच जन्मलेली. वय वर्षं आठ, बोलणं वकिलाचं. कारल्याची भाजी केली की तिच्या डोळ्यांत आधी पाणी यायचं, मग इंग्रजी यायचं.

"बाबा, दिस इज नॉट फूड. दिस इज मेडिसिन."

"पानात टाकायचं नाही," मी म्हणायचो. मग ती रडायची, मी तत्त्वावर ठाम राहायचो आणि माझी बायको शुभा दोघांकडे पाठ करून भांडी आपटायची. आठवड्यातून एकदा तरी हा प्रयोग व्हायचाच.

हवाईची ती आमची पहिली खरीखुरी सुट्टी. माझ्या ऑफिसातला केओनी मूळचा हवाईचा. रोज फ्रीवेवर माझ्याच गाडीतून यायचा आणि रोज आईच्या हातच्या जेवणाचं वर्णन करायचा. शेवटी मी तिकिटं काढली. निघायच्या आदल्या दिवशी शुभा चिवड्याचा डबा बॅगेत भरताना सापडली.

"हे काय?" मी म्हणालो. "आपण हवाईला चाललोय, तळेगावला नाही. तिथे जाऊन तिथलंच खायचं!"

"अहो, असू दे ना. सोनलला काही आवडलं नाही तर?"

"आवडायचा प्रश्नच नाही. पानात पडेल ते खायचं." डबा मी स्वतःच्या हातांनी फळीवर परत ठेवला. (पुढे मला त्या डब्याची स्वप्नं पडली.)

सोनल सोफ्यावरून ऐकत होती. "यू टू, बाबा? सगळं? एव्हरीथिंग?"

"डुक्कर आणि गाय सोडून सगळं."

"ओके. तू तिकडे सगळं फिनिश केलंस, तर मी फॉरएव्हर कारलं खाईन. नो क्राइंग. पण तू वन टाइम जरी 'नको' म्हणालास, तर नो मोअर रूल."

"आई साक्षीदार," मी ऐटीत म्हणालो.

"मला यात ओढू नका," साक्षीदार म्हणाली.

थोडक्यात, बाप म्हणून माझी इतक्या वर्षांची सगळी पत मी पणाला लावून बसलो, तेही कारल्यासाठी!

पहिले दोन दिवस मी हवेतच होतो. रस्त्यावरच्या गाडीवर भाताचे दोन गोळे, शेजारी तळलेला मासा असं जेवण मिळालं. मी आडवा हात मारला. रंगीत बर्फाचा गोळा खाल्ला, जीभ निळी करून घेतली. पोकी नावाचा प्रकार आला, म्हणजे कच्च्या माशाचे तुकडे, तिळाच्या तेलात कालवलेले. शुभाच्या भुवया केसांत गेल्या. मी डोळे मिटून आधी तो संपवला आणि मग भात चवीने खाल्ला. सोनल माझ्या ताटलीवर शाळा-तपासनिसासारखी नजर ठेवून होती. "क्लीन," ती हिरमुसून म्हणायची, आणि मी मनातल्या मनात कारल्याच्या फोडी मोजायचो.

तिसऱ्या दिवशी केओनीच्या आईकडे जेवायला बोलावणं होतं. केओनीही सुट्टी काढून घरी आला होता. त्याच्या आईला सगळं गाव आंटी म्हणतं. (आपल्याकडे जशा जगन्मान्य काकू असतात तशा.) अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. दारातच त्यांनी आम्हाला मिठीत घेतलं, शुभाला आणि सोनलला 'मदतीला चला' म्हणून स्वयंपाकघरात नेलं, आणि मला अंगणात भावांच्या आणि भाचरांच्या घोळक्यात सोडून दिलं.

जेवायला लांबलचक टेबल मांडलं होतं. मधोमध लाकडी कठवतीत पोई. आंटींनी वरचं झाकण काढलं आणि सगळे गप्प झाले.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," आंटींनी मला समजावलं. "पोई उघडी असेपर्यंत टेबलावर कुणी भांडायचं नाही, वाद घालायचा नाही. पोई ही घरातली वडीलधारी. तिच्यासमोर वाकडा शब्द काढायचा नाही."

मला ही पद्धत फार आवडली. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरातलाच मी. मान डोलावून मी म्हणालो, "व्हेरी गुड सिस्टिम!" असं म्हणून मी माझ्या सुटकेचे सगळे रस्ते स्वतःच बंद केले.

पान सुरेख वाढलेलं होतं. टोमॅटो-कांद्यात कालवलेला खारा मासा, थेट आपल्या कोशिंबिरीसारखा. रताळं. कोंबडीचा रस्सा. पलीकडे एका ताटात हौपिया, म्हणजे नारळाच्या दुधाच्या पांढऱ्याशुभ्र वड्या, खरवसासारख्या थरथरत होत्या. आणि माझ्यासमोर वाटीभर पोई.

पोई बोटांनी खातात. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते, कारण बाहेरून आलेले पाहुणे म्हणे इथेच चमचा मागतात. मराठी माणसाला हाताने जेवायला कोण शिकवणार? मी बाही सरसावली, दोन बोटं फिरवली, आणि एक थेंबही न सांडता पहिला घास तोंडात टाकला.

"ही ईट्स लाइक अ लोकल!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घास तोंडात गेला आणि माझ्या लक्षात आलं, ही पोई ताजी नव्हती. (केओनीने नंतर अभिमानाने सांगितलं की पाहुण्यांसाठी मुद्दाम आंबवली होती.) आंबट, गार, चिकट. लहानपणी पतंगाला लावायची खळ एकदा चाखून पाहिली होती, त्या चवीची चाळिसाव्या वर्षी पुन्हा भेट झाली. समोर सोनल बसली होती. डोळे माझ्यावर.

मी घाबरलो नाही. माझ्याकडे पोटकलम होतं! नावडतं आधी. मासा, रताळं, कोंबडी, सगळं बाजूला सारलं आणि श्वास रोखून वाटी चाटूनपुसून लख्ख केली. आता हात पुसून कोंबडीकडे वळणार, इतक्यात आंटींचा डाव वाटीवर आला.

"बाकी कशाला हातही न लावता आधी पोई संपवली!" आंटी भारावून म्हणाल्या. "अख्खं आयुष्य मी असा पाहुणा शोधत होते!"

वाटी पुन्हा भरली.

आग्रह म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. जिलबीच्या पंगतीत पानावर आडवे झालेले जावई मी पाहिले आहेत. पण तिथे निदान 'नको नको' म्हणायची सोय असते. इथे 'नको' म्हणालो तर करार मोडत होता, आणि तोंड वाकडं केलं तर वडीलधाऱ्या पोईचा अपमान होत होता. मग उपाय एकच. पुन्हा आधी पोई संपवायची, झटपट, म्हणजे आंटींना कळेल की याचं झालं.

झटपट संपवली. आंटी त्याहून झटपट.

"अहो, पुरे म्हणा की आता," शेजारून शुभा म्हणाली. वाद घालायचा नसल्यामुळे तिने हे अतिशय गोड हसून म्हटलं.

"म्हटलं तर करार मोडतो," मीही गोड हसलो.

"थोडी राहू दे वाटीत."

"पानात टाकू? सोनलसमोर? तू माझी बायको आहेस की तिची वकील?"

"मग मरा," शुभा आणखी गोड हसून म्हणाली.

"किती प्रेमाने बोलता हो एकमेकांशी!" आंटींनी छातीवर हात ठेवला आणि त्या भरात वाटी शिगोशीग भरली.

एव्हाना टेबलावरच्या लोकांनी आपापलं जेवण थांबवलं होतं. केओनीचे एक धिप्पाड मामा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि माझ्या प्रत्येक घासाला "ब्रदर!" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारू लागले. थापेसरशी घास आपोआप खाली उतरत होता, एवढाच काय तो आधार. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, या न्यायाने मी पुढच्या पुढच्या वाट्या रिचवत गेलो. मधेच डोळ्यांत पाणी आलं. "ही इज क्राइंग!" एक भाची कुजबुजली. "फ्रॉम हॅपिनेस," मामांनी खुलासा केला.

पण मन एका आशेवर तगून होतं. हौपिया! शेवटी आवडतं निवांत खायचं. कोंबडीचा नाद मी केव्हाच सोडला होता, पण नारळाच्या वडीसाठी पोटात एक कोपरा प्राण पणाला लावून राखला होता. अखेर कठवत रिकामी झाली. ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी हात पुढे केला.

"छे, छे! याला कशाला गोड?" आंटी म्हणाल्या. "हा पोईचा माणूस आहे. याच्या वाटची वडी या पोरीला द्या." आणि शेवटची वडी सोनलच्या बशीत पडली.

सोनलने ती माझ्याकडे बघत बघत, अगदी सावकाश खाल्ली.

निघताना आंटींनी मला पुन्हा मिठी मारली (नको तिथे दाब पडला) आणि पोईची एक भली मोठी पिशवी हातात दिली. "तिकडे तुला कुठे मिळणार?" म्हणताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. इतक्या मायेने आपल्याला कोण खायला घालतं? मी पिशवी पोटाशी धरली. पोटानेही ती ओळखली.

पण मी जिंकलो होतो! परतीच्या विमानात मी ताठ बसलो होतो. (वाकून बसणं शक्यच नव्हतं.)

"हरलीस की नाही?" मी सोनलला म्हणालो.

"यस, बाबा," ती शहाण्यासारखी म्हणाली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

फ्रीमाँटला पोचल्यावर पहिल्याच रविवारी मी मुद्दाम कारली आणवली. शुभाने काचऱ्या केल्या. सोनल आली, बसली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने आधी कारलं खायला घेतलं. रडणं नाही, इंग्रजी नाही. बाप म्हणून माझा ऊर भरून आला. वडिलांची आठवण झाली. तीन पिढ्यांचा कायदा मार्गी लागला!

मग तिने पानाच्या कडेला चांगल्या चार-पाच काचऱ्या सारून ठेवल्या आणि हात पुसले.

"हे काय?"

"दॅट्स मॅनर्स, बाबा. आंटींनी सांगितलं. एम्प्टी वाटी म्हणजे अजून पाहिजे. पोट भरलं की थोडं ठेवायचं."

मी हातातला घास पानात ठेवला. "हे आंटींनी कधी सांगितलं?"

"बिफोर लंच. किचनमध्ये. आईला पण सांगितलं."

मी शुभाकडे पाहिलं. ती आमटीत डाव फिरवत होती. आमटी आधीच ढवळलेली होती.

"तुला माहीत होतं?"

"मी म्हटलं की तुम्हाला, थोडी राहू दे वाटीत म्हणून!"

"पण कारण नको सांगायला?"

"तुम्ही मला वकील म्हणालात," शुभा शांतपणे म्हणाली. "आणि पोईसमोर वाद घालायचा नव्हता ना!"

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

केओनी अजूनही माझ्याच गाडीतून ऑफिसला येतो. हवाईहून परतला की आंटींनी माझ्यासाठी दिलेली पिशवी न विसरता आणतो, आणि शुभा ती माझ्या एकट्याच्या पानात वाढते. सोनल कडेला चार काचऱ्या सारते, तिची आई बघून न बघितल्यासारखं करते. मागच्या खेपेला मीही धीर केला. वाटीच्या तळाशी थोडीशी पोई ठेवली आणि हळूच उठायला लागलो.

"बाबा," सोनल म्हणाली, अगदी माझ्या आवाजात, "पानात टाकायचं नाही."

मी पुन्हा बसलो.